गौरीची चतुःसीमा

बोरीहून नेपाळ किती लांब आहे, असं परत आल्यापासून मला गावातले बरेच जण विचारतात. रेल्वेनं दोन दिवस, असं मी सांगतो. पण ते पूर्ण खरं नाही. बोरीहून नेपाळ तेरा दिवस लांब आहे, आणि त्यातले अकरा दिवस परभणी जिल्ह्यातच जातात. पुढं कुणाला आपल्या घरचं लेकरू घेऊन सीमेपलीकडं जायचं झालं तर उपयोगी पडावं, म्हणून हा प्रवास जसा झाला तसा लिहितो आहे.

आमच्याकडची माणसं श्रीशैलला जाऊन येतात, पण दुसऱ्या देशात पाऊल ठेवणारे आम्ही दोघंच पहिले. मी आणि माझी भाची गौरी. गौरी ही माझ्या थोरल्या बहिणीची, शकूअक्काची, एकुलती एक मुलगी. अकरा वर्षांची, सहावीत शिकते. ती दोरीवरच्या उड्या मारते. अशा मारते, की दोरी दिसत नाही, नुसता आवाज ऐकू येतो. शाळेतून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला असं करत ती पुढं सरकली आणि एके दिवशी नेपाळमधल्या बुटवल या गावी होणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं पत्र तिच्या शाळेत आलं. सोबत घरचं एक मोठं माणूस यावं, असं त्यात होतं. गौरीचे वडील, आमचे दाजी, पूर्णेजवळ रेल्वेच्या फाटकावर गेटमन आहेत. त्यांना इतकी सलग रजा मिळेना. अक्काच्या सासूबाई अंथरुणावर. राहिलो मी. मी परभणीत एका शाळेत मराठी शिकवतो, आणि अक्काच्या माहेरच्या आणि सासरच्या अशा दोन्ही घरांत पदवी असलेला एकटाच आहे, म्हणून असल्या कामांना आपोआप माझं नाव निघतं. मला त्याचा कमीपणा वाटत नाही. या लोकांनी शिकवलं म्हणून शिकलो.

पत्राच्या शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती. मुलासोबत आई-वडील नसल्यास त्यांचे लेखी संमतीपत्र सोबत ठेवावे. बाकीचा सगळा प्रवास या एका ओळीतून निघाला.

बोरी

मी आखीव कागदावर चार ओळी लिहिल्या. ‘आम्ही खाली सही करणारे आई-वडील आमची मुलगी गौरी हिला तिच्या मामासोबत नेपाळला पाठवत आहोत. आमची संमती आहे.’ खाली दोन रेघा मारल्या, एक वडिलांसाठी, एक आईसाठी. रविवारी कागद घेऊन बोरीला गेलो.

गौरीचे थोरले चुलते बसलिंगअप्पा ओसरीवर बसले होते. कपाळावर विभूती, खांद्यावर पंचा. त्या घरात कुठलाही कागद आधी अप्पांच्या हातात जातो, मग तो लाइटबिलाचा असला तरी. गौरीच्या प्रगतिपुस्तकावरही अप्पांचीच सही असते. त्यांनी चष्मा लावून चार ओळी वाचल्या आणि कागद उलटून मागंही पाहिलं.

“एवढंच?”

“एवढंच लागतं, अप्पा.”

“बैल बाजारात न्यायचा तरी याच्याहून मोठा कागद लागतो, मास्तर. पोरगी देशाबाहीर जायलीय. आन् सही निस्ती बापाची? आमी काय मेलोत का?”

अक्का ओसरीच्या दुसऱ्या टोकाला ज्वारी पाखडत होती. “तिथं थंडी आस्ती का रे?” तिनं मला विचारलं. मी तोंड उघडणार तोच अप्पा म्हणाले, “बाँडवर करा. जिंतूरला जावा. भाऊबंदाच्या समद्यांच्या सह्या घ्या. उद्या कुनी म्हनायला नको, आमाला इचारलं न्हाई.” त्यानंतर बाँडचंच बोलणं सुरू झालं आणि थंडीचं राहून गेलं.

इथं अक्काविषयी थोडं सांगायला हवं. आमचे वडील संगाप्पा अंगठा लावायचे. मी तिसरीत असताना त्यांच्या अंगठ्याची शाई माझ्या प्रगतिपुस्तकात गणिताच्या मार्कांवर पसरली. गुरुजी रागावले, सही आणा म्हणाले. अक्का तेव्हा सातवीत होती. तिनं संध्याकाळभर पाटीवर गिरवून वडिलांसाठी एक सही तयार केली. ‘संगाप्पा’ असं लिहायचं आणि शेवटचा काना खाली ओढून नांगराच्या फाळासारखा वळवायचा. वडिलांनी ती निरखून पाहिली आणि “माझी सही बरी हाय” असं म्हणून पसंत केली. तेव्हापासून सहलीचा कागद, शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा, कॉलेजचा, सगळ्यांवर पालक म्हणून तीच सही. अक्का सातवीनंतर शाळेत गेली नाही, पण तिचं लग्न झाल्यावरही मी कागद घेऊन बोरीला यायचो आणि ती चुलीपुढून उठून सही करून द्यायची. माझी पदवी ज्या सहीवर उभी आहे ती आमच्या वडिलांनी आयुष्यात एकदाही केलेली नाही.

जिंतूर

जिंतूरला तहसीलच्या बाहेर पत्र्याखाली बाँड लिहून देणारे एक भाऊ बसतात. जिंतूरला जाणाऱ्यांनी त्यांना जरूर पाहावं. बोटं कीबोर्डवर, नजर रस्त्यावर आणि तोंडानं तिसऱ्याच माणसाशी बोलणं, अशी तीन कामं ते एकाच वेळी करतात.

“कशाचं हाय?”

“संमतीपत्र.”

“गट नंबर?”

“गट नंबर नाही. मुलगी आहे.”

“मुलीच्या नावानं करायलात का?”

“नाही, मुलगी न्यायची आहे. नेपाळला.”

त्यांची बोटं थांबली. मग त्यांनी संमतीपत्राचा नमुना उघडला. भावकीतल्या एकानं शेत विकायला काढलं की बाकीचे जे लिहून देतात, तो हा नमुना. त्यांच्याकडं संमतीचा हा एकच प्रकार होता. “हेच की तुमचं,” ते म्हणाले. “जमीन काढायची, पोरगी टाकायची. बाकी सेम.”

मला शंका आली होती. पण मी कॉलेजात मराठी शिकलो, कायदा नाही, आणि समोरच्या माणसाचा हात इतका सराईत होता की बोलायचं धाडस झालं नाही. पाच मिनिटांत कागद बाहेर आला. त्यातला भाग असा :

‘कारणे संमतीपत्र लिहून देतो ऐसा जे की, सदर मुलगी ही आमचे एकत्र कुटुंबाचे मालकी व ताब्यातील असून तिच्यावर कोणत्याही बँकेचा अगर सोसायटीचा बोजा नाही. ती यापूर्वी कोणास गहाण, दान, बक्षीस अगर अन्य मार्गाने दिलेली नाही. तिचा प्रत्यक्ष ताबा मामा यांना दिला असून हे आम्ही स्वखुशीने, अक्कलहुशारीने व कोणत्याही नशापाण्याशिवाय लिहून देत आहोत.’

“आता चतुःसीमा सांगा,” भाऊ म्हणाले.

“मुलीला चतुःसीमा कुठली?”

“जागा रिकामी सोडली की नोटरी परत लावतेत, सर. घराची सांगा. पोरगी घरातच राहती ना?”

तेव्हा मी सांगितलं. सदर मुलीच्या पूर्वेस गावरस्ता, दक्षिणेस महादेवाचे मंदिर, उत्तरेस हातपंप, पश्चिमेस शिवमूर्ती यांची भिंत. शिवमूर्ती हे अप्पांचे चुलतभाऊ आणि शेजारी.

सह्या करणाऱ्यांची नावं सातबाऱ्यावरून घ्यायची असतात. अप्पांनी ती फोनवरून वयाच्या क्रमानं सांगितली. अकरा नावं झाली. दाजी सगळ्यांत धाकटे, म्हणून गौरीचे वडील अकराव्या नंबरवर आले. मी प्रत्येक नाव दोनदा तपासलं, दोन ठिकाणी वेलांटी दुरुस्त करून घेतली आणि समाधानानं एस.टी.त बसलो.

पूर्णा

दाजींना कागद दाखवायला आणि त्यांचा सुटीचा वार विचारायला पूर्णेला गेलो. त्यांचं फाटक गावाबाहेर आहे. दोन्ही बाजूंनी हिरवं शेत, मधून रूळ, एक खोली, एक टेलिफोन, आणि दाजींनी हौसेनं लावलेली सदाफुली. तिथं उभं राहिलं की कळतं, जिल्ह्यात सगळ्यांत जास्त शिव्या खाणारा माणूस किती शांत असू शकतो.

त्यांनी फाटक पाडलं, हिरवी झेंडी काखेत धरली आणि कागद वाचायला घेतला. मालगाडी गेली. तिचा शेवटचा डबा लांब गेला तरी ते वाचतच होते.

“मास्तर, समदं हाय,” ते हळूच म्हणाले. “बोजा हाय, ताबा हाय. परत द्यायचं कुठं लिवलंय?”

मी वाचून पाहिलं. नव्हतं. जमीन कुणी परत देत नसतं, म्हणून त्या नमुन्यात तसं कलमच नव्हतं.

“मी आणणारच आहे की तिला, दाजी.”

“तुमी आनताल. पर कागदात न्हाई.” त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली. “एकुलती हाय हो.”

पलीकडून एक दूधवाला ओरडला, “ओ गेटमन! गाडी नांदेडला पोचली! उघडा की आता!”

दाजींना ऐकूच गेलं नाही. गाडी जाऊनही ते फाटक अर्धा मिनिट बंद राहिलं. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जिंतूरला गेलो आणि नवीन ओळ घालून आणली. ‘सदर मुलगी स्पर्धा संपताच मूळ स्थितीत, बिनतक्रार परत करण्यात येईल.’

परभणी

दाजींच्या सुटीच्या दिवशी बोरीहून एक जीप परभणीला आली. तिच्यातून अकरा जण उतरले आणि शेवटी भाकरीचं गाठोडं. नोटरींनी खिडकीतून पाहिलं आणि खुर्च्या आत घ्यायला सांगितल्या. भावकी आली की आधी खुर्च्या हलवायच्या, हा त्यांचा अनुभव.

त्यांनी कागद मोठ्यानं वाचला. ‘पश्चिमेस शिवमूर्ती यांची भिंत’ इथपर्यंत आले आणि अप्पा उठून उभे राहिले.

“भिंत आमची हाय.”

शिवमूर्तीकाका इतका वेळ गप्प होते. त्या भिंतीपायी दोन्ही घरांत कैक वर्षांपासून बोलणं नाही. जीपमध्येही ते टपावर बसून आले होते. “मास्तरनं लिवलंय,” ते शांतपणे म्हणाले. “शिकलेला मानूस हाय. खोटं कशाला लिवल?”

“मास्तर, खोडा ते!”

“खोडलं तर मी सही करत नसतो.”

नोटरींनी चष्मा काढला. “मला एक सांगा, हे मुलीचं आहे की भिंतीचं?”

“मुलीचंच हाय,” दोघंही एकदम म्हणाले.

शेवटी दाजी मध्ये पडले. अकराव्या नंबरचा माणूस पहिल्यांदाच बोलला म्हणून सगळे वळून पाहू लागले. एक कलम वाढलं. ‘सदर संमतीमुळे भिंतीच्या वादास कोणतीही बाधा येणार नाही.’ दोन्ही बाजूंना तो आपला विजय वाटला आणि सह्या सुरू झाल्या. आठ सह्या, तीन अंगठे. साक्षीदार म्हणून जीपचा ड्रायव्हर आणि नोटरींकडं दुसऱ्याच कामासाठी आलेले एक गृहस्थ.

“सगळे आलेत ना?” शिक्का मारण्याआधी नोटरींनी विचारलं.

अप्पांनी माणसं मोजली. “समदे आलेत.”

मीही मोजली. अकरा. बरोबर होती.

मग आवारातल्या झाडाखाली गाठोडं सुटलं. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, तिळाची चटणी, ठेचा. अक्कानं पहाटे उठून तेरा माणसांचं केलं होतं, ड्रायव्हर आणि मला धरून. अप्पा आणि शिवमूर्तीकाका एकमेकांकडं पाठ करून एकाच डब्यातली चटणी घेत होते. सगळ्यांनी अक्काच्या हाताचं कौतुक केलं. मीही केलं.

जाताना मी एक शेवटचं काम केलं. गाडीत पाणी सांडलं तर काय, म्हणून तो कागद लॅमिनेट करून घेतला.

सुनौली

रेल्वेचे दोन दिवस सांगत नाही. गोरखपूरहून बसनं सुनौलीला पोचलो. सीमा म्हणजे काहीतरी तारेचं, बंदुकांचं असेल अशी माझी कल्पना होती. तिथं एक कमान होती आणि तिच्याखालून बाया भाजीच्या पिशव्या घेऊन ये-जा करत होत्या, जिंतूरच्या बाजाराला निघाल्यासारख्या. पलीकडच्या पाट्याही आपल्याच लिपीत. गौरी एकेक मोठ्यानं वाचत होती. “मामा, परदेश वाचता येतो की!”

कमानीपलीकडं घड्याळ पंधरा मिनिटं पुढं असतं आणि त्यांचं साल आपल्यापेक्षा पन्नासहून अधिक वर्षांनी पुढं. सालाची मला फिकीर नव्हती, पण स्पर्धेची नावनोंदणी त्याच दिवशी चार वाजता बंद होणार होती, म्हणून ती पंधरा मिनिटं मला लागली.

कमान ओलांडताच डाव्या हाताला एक टेबल होतं. एकट्यानं किंवा परक्या माणसासोबत जाणाऱ्या मुलींची तिथं विचारपूस होते. निळा स्वेटर घातलेल्या एका बाईंनी आम्हाला थांबवलं. त्या नेपाळी, पण हिंदी स्वच्छ बोलत होत्या.

“लड़की आपकी कौन?”

“भांजी. मैं मामा हूँ.”

“सब मामा ही होते हैं,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “जो लड़कियाँ ले जाते हैं, सब मामा होते हैं.”

अकरा दिवस मी ज्या कागदामागं फिरलो तो कशासाठी असतो, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी घाईनं लॅमिनेट केलेला कागद काढून त्यांच्यापुढं ठेवला. लिपी तीच, म्हणून बाई एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या आणि अडेल तो शब्द मला विचारू लागल्या.

“लड़की पर बैंक का कर्ज़ नहीं है.”

“जी, नहीं है.”

“और इसके पश्चिम में दीवार है.”

“जी. दीवार का झगड़ा है. लेकिन उससे इसको कुछ बाधा नहीं.”

त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावलं. दोघींनी मिळून ‘मूळ स्थितीत, बिनतक्रार’पर्यंत वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मीही थोडा हसलो. मग निळ्या स्वेटरच्या बाई हसायच्या थांबल्या.

“ग्यारह लोग हैं. इसमें माँ कौन-सी है?”

मी कागद हातात घेतला. एकेक नाव वाचलं. उलटा केला. मागं नुसतं चकचकीत प्लास्टिक. सातबाऱ्यावर अक्काचं नाव नाही, म्हणून यादीत नाही, म्हणून जीपमध्ये नाही. माझ्या पहिल्या चार ओळींच्या कागदावर तिच्यासाठी एक रेघ होती. ती मीच मारली होती आणि मीच विसरलो होतो.

“माँ की मर्ज़ी के बिना नहीं जाएगी,” बाई म्हणाल्या.

गौरीनं दोरी मुठीला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. टेबलावरच्या घड्याळात दोन वाजून गेले होते.

मी घरी व्हिडिओ कॉल लावला. फोन अर्थातच अप्पांकडं.

“शरनार्थ, म्याडम!” अप्पांनी पडदाभर विभूती दाखवत हात जोडले. “मी थोरला चुलता. माझी पयली सही हाय.”

“माँ को बुलाइए.”

“तिला काय इचारता? तिची काय ना न्हाई.”

“माँ.”

अप्पांनी इकडं तिकडं पाहिलं. मग पडद्यावर छत दिसलं, ओसरी दिसली, आणि पिठाचे हात पदराला पुसत अक्का आली.

“अक्का, या बाई तुझी मर्जी विचारायल्यात. गौरीला पाठवायची.”

“मला?”

“तुलाच.”

अक्काचे हात पदरातच थांबले. मला वाटलं फोन अडकला. मग तिनं मान वर केली आणि थेट बाईंनाच विचारलं, “उधर थंडी है क्या?”

“रात में थोड़ी है.”

“स्वेटर एकच दी मैं. रात कू किसके बाजू में सोएगी ये?”

“लड़कियों का कमरा अलग होता है. एक मैडम साथ सोती हैं.”

“कडी लगती क्या अंदर से? न्हानीघर कू बी लगती क्या? इसकी वेणी कौन घालेगा? मामा कू आती नै.”

दुसऱ्या टेबलावरच्या बाईंनी बुटवलला फोन लावून ते सगळं विचारून घेतलं. दहा मिनिटं त्या तिघी बोलत होत्या. मी बाजूला उभा होतो, हातात शिक्क्यांचा कागद घेऊन. अकरा जणांपैकी कुणालाही, मलासुद्धा, यातला एकही प्रश्न सुचला नव्हता.

“तो मर्ज़ी है?” शेवटी बाईंनी विचारलं.

“जाऊ द्या. जाने दो उसकू,” अक्का म्हणाली. “पन रोज सात वाजता मला दिसली पायजे.”

“काग़ज़ पर लिखिए, दस्तख़त कीजिए, फोटो भेजिए.”

अक्कानं गौरीच्या जुन्या वहीचं पान फाडलं. पाच मिनिटांनी फोटो आला. ‘माझी मुलगी गौरी हिला मामासोबत जाऊ देते. मी सगळं विचारून घेतलं आहे.’ खाली सही. बाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला.

“माँ का नाम?”

“शकुंतला.”

“यहाँ तो संगाप्पा लिखा है.”

मी पाहिलं. संगाप्पा. शेवटचा काना खाली ओढून नांगराच्या फाळासारखा वळवलेला. लेकराच्या कागदावर सही म्हटल्यावर अक्काच्या हातानं पंधरा वर्षं जी केली तीच केली होती. आमच्या वारलेल्या वडिलांनी बोरीहून नेपाळच्या प्रवासाला संमती दिली होती.

आता सगळं संपलं असं मला वाटलं. खोटा मामा, खोटी सही. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी त्यांना खरं ते सगळं सांगितलं. गणिताच्या मार्कांवर पसरलेल्या शाईपासून कॉलेजच्या कागदापर्यंत, सगळं. सांगता सांगता हिंदीतले लिंगाचे सगळे नियम सुटले.

बाईंनी ऐकून घेतलं. लॅमिनेट केलेल्या कागदाकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

“झूठे मामा के काग़ज़ एकदम ठीक होते हैं,” त्या म्हणाल्या. “इतने गड़बड़ काग़ज़ सच्चे मामा के ही होंगे. उनसे कहिए, अपना नाम लिखें. मेरे सामने.”

मी अक्काला सांगितलं. “आगं बाई!” तिनं कपाळावर हात मारला आणि तिथं पीठ लागलं. “बँकेतली करायची व्हय? आधी सांगायचं की!” स्वतःच्या नावाची सही ती फक्त बँकेत करते. मग तिनं पडद्यासमोर पान धरून संगाप्पांच्या खाली सावकाश, एकेक अक्षर सुटं लिहिलं. शकुंतला. मागून अप्पा वाकून पाहत होते.

बुटवल

आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झाली होती. गौरी टेबलाकडं पळाली. नोंदणी करणाऱ्या सरांपुढं अजून रांग होती, कारण लातूरची बस नुकतीच आली होती. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत गौरीच्या पुढं हिंगोलीची मुलगी उभी होती आणि मागं वसमतची.

बुटवल डोंगराच्या पायथ्याशी आहे. इकडं सपाट, आपल्यासारखं, आणि अचानक उभा हिरवा डोंगर. “मामा, याच्यामागं काय हाय?” गौरीनं विचारलं. आणखी डोंगर, मी म्हणालो. “त्याच्यामागं?” आणखी मोठे. “मग हे लोक उड्या कुठं मारतेत?”

जेवायला डाळ, भात, भाजी आणि गुंद्रुक नावाची वाळवून आंबवलेली पाल्याची आंबट भाजी. वाढणाऱ्या बाई लग्नाच्या पंगतीसारखा आग्रह करतात. ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून भात येतो. भाकरीची आठवण पहिल्या दिवशी येते, दुसऱ्या दिवशी जास्त येते. गौरीला भाजीचे मोमो आवडले. “उकडीचं कायतरी हाय,” असं तिनं आईला सांगितलं.

आईला ती रोज दिसायची. सात वाजता, बोरीच्या. आधी वेणी दाखवायची, मग स्वेटर, मग खोलीची कडी लावून, उघडून, पुन्हा लावून. एकदा अप्पांनी मध्येच फोन घेऊन भिंतीची चौकशी केली, नेपाळात तिचं काही निघालं का म्हणून.

स्पर्धेच्या दिवशी गौरीचे पाय मला दिसले नाहीत, नुसता आवाज ऐकू आला. शेवटच्या काही सेकंदांत दोरी एकदा टाचेत अडकली. ती तिसरी आली. रडली नाही. मोमो मागितले.

परत

परतताना कमानीखाली आम्हाला कुणी काही विचारलं नाही. मुलगी घरी जात असली की कागद लागत नाही. निळ्या स्वेटरच्या बाई टेबलावर होत्या. गौरीनं लांबूनच पदक वर करून दाखवलं. त्या दुसऱ्या एका मामाशी बोलत होत्या, तरी त्यांनी हात हलवला.

पूर्णेला उतरून आधी फाटकावर गेलो, कारण ताबा ज्यांच्याकडून घेतला त्यांना परत करणं भाग होतं. दाजींनी गौरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मूळ स्थितीत?”

“एक दाढ कमी, एक पदक जास्त,” मी म्हणालो. गौरीनं तोंड उघडून पडलेल्या दाढेची जागा दाखवली. दाजींनी बिनतक्रार ताबा घेतला. फाटक त्या वेळी उघडंच होतं.

लॅमिनेट केलेला तो कागद अप्पांनी ओसरीवर खिळ्याला लटकवला आहे. पश्चिमेच्या भिंतीवर नाही. तिथं खिळा ठोकायचा हक्क कुणाचा, ते अजून ठरायचं आहे.

पुढच्या महिन्यात बोरीला गेलो तेव्हा गौरी शाळेतून प्रगतिपुस्तक घेऊन आली होती. अप्पांनी सवयीनं खिशातलं पेन काढून टोपण उघडलं. गौरी त्यांच्यासमोरून आत गेली. मी दारातून पाहत होतो. अक्का भाकरी थापत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले, पुस्तक घेतलं आणि पालकाच्या रेघेवर पेन टेकवून थांबली.

“कोनाची करू?” तिनं विचारलं.

“तुझी,” गौरी म्हणाली. “बँकेतली.”